पर्थजवळच्या आमच्या जमिनीचा पहिला कागद

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात जमीन घेताना वकील मालकी मागे तपासतो ती साधारण चाळीस वर्षं. व्यवहाराला तेवढं पुरतं. मला पुरेना. पर्थ गावाजवळ ड्रमंड टाउनशिपमध्ये आम्ही घर घेतलं, तेव्हा शेजारचे म्हातारे शेतकरी म्हणाले होते, ही जमीन मुळात फौजेतल्या साहेबाची. कोणाची, आणि त्याला दिली कोणी, हे शोधायचं मी ठरवलं.

सुरुवात खरेदीखतापासून. त्यावर टाउनशिप (तालुक्यासारखा भाग), कन्सेशन (त्यातला जमिनीचा पट्टा) आणि लॉट (पट्ट्यातला तुकडा) लिहिलेले असतात, आणि जुन्या नोंदी लागतात त्या यांच्यावरच. प्रांताच्या ऑनलँड संकेतस्थळावर लॉटचं जुनं ॲबस्ट्रॅक्ट बुक, म्हणजे व्यवहारांची नोंदवही, फुकट बघायला मिळतं. आपल्याकडे फेरफार वाचतो तसं वाचायचं: पहिल्या ओळीत 'पेटंट', म्हणजे सरकारने दिलेला मालकीचा पहिला कागद, देणारा 'क्राउन', म्हणजे सरकार, पुढे घेणाऱ्याचं नाव. आमचा घेणारा निघाला 'हाफ-पे'वरचा लेफ्टनंट.

नेपोलियनशी आणि अमेरिकेशी चाललेली युद्धं 1815 पर्यंत संपली आणि ब्रिटिश फौजेतले असंख्य अधिकारी एकदम रिकामे झाले. त्यांना अर्धा पगार चालू राहिला. अमेरिका पुन्हा चालून आली तर सीमेपासून आत, रिडो नदीच्या बाजूला लढलेली माणसं हाताशी असावीत, म्हणून 1816 मध्ये पर्थची लष्करी वसाहत उभी राहिली. जमीन हुद्द्याप्रमाणे: साध्या शिपायाला 100 एकर, सार्जंटला 200, लेफ्टनंटला 500, कॅप्टनला 800, लेफ्टनंट कर्नलला 1200.

नाव मिळालं की ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले अपर कॅनडाचे (ऑन्टारिओचं तेव्हाचं नाव) जमीन-अर्ज पाहायचे. सूची आणि मायक्रोफिल्मच्या प्रतिमा घरबसल्या दिसतात. आडनाव 'मॅक'ने सुरू होत असेल तर Mac आणि Mc अशा दोन्ही तऱ्हांनी शोधा. अर्जात माणूस आपली पलटण, नोकरी, कुटुंब सांगतो आणि गव्हर्नरांकडे जमीन मागतो. आणखी हवं असेल तर लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात 1828 मध्ये हाफ-पे अधिकाऱ्यांनी स्वतः भरून दिलेली सेवापत्रकं आहेत. लग्न आणि मुलं यांचे तपशील मला वाटतं तिथेच सर्वांत चांगले मिळतात.

अर्ज मंजूर झाला तरी मालकी लगेच मिळत नसे. आधी फक्त लोकेशन तिकीट, म्हणजे त्या जागेवर वसण्याचा परवाना. तिथे राहून, झाडं तोडून, जमीन कसायला घेतली की मग पेटंट. आमच्या मागच्या रानात एक हात खणलं की खडक लागतो. या मातीत पाचशे एकर कसायला मजूर कुठून आणले असतील, हे मला अजून कळत नाही.

सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या तेव्हा मी हादरलो. वसाहत 1816 ची, आणि ही जमीन मूळ रहिवाशांकडून घेण्याचा रिडो खरेदीचा पहिला करार 31 मे 1819 चा! तो पक्का झाला 1822 मध्ये. म्हणजे जी विकत घेतलीच नव्हती ती जमीन सरकारने वाटली. शिवाय करार झाला मिसिसॉगा लोकांशी. ओटावा नदीच्या या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अल्गॉन्क्विन लोकांची त्यावर सहीच नाही. त्यांच्या जमिनीवरच्या दाव्यावर 2016 मध्ये तत्त्वतः करार झाला, आणि दाव्याच्या नकाशात पर्थ येतं.

घराच्या फाइलमध्ये 1819 च्या कराराची प्रत मी पेटंटच्या आधी लावली आहे. घर कधी विकलं तर ती फाइल नव्या मालकाला देईन.