चिठ्ठीशिवाय काय द्यायचं: आमच्या मेडिकलची वाटचाल

१९९४ साली आम्ही बार्शीत मेडिकल काढलं. मी डी.फार्म. (औषधशास्त्राचा डिप्लोमा), लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. खरेदी आणि हिशेब आमचे हे बघायचे. दुकान लहानच, पण एसटी स्टँडहून बाजाराकडे जाणारी माणसं समोरूनच जायची. त्यातल्या निम्म्यांकडे डॉक्टरची चिठ्ठी नसायची. "डोक्याची गोळी द्या", "पित्ताची द्या", "लेकराला सर्दीचं द्या." आजही गिऱ्हाईक तसंच मागतं. आणि या मागण्यांना नीट उत्तर देणं हाच आमच्या धंद्याचा कणा आहे, असं मी मानते.

ओटीसी, म्हणजे चिठ्ठीशिवाय काउंटरवरून मिळणारी औषधं, हा शब्द सगळे वापरतात, पण आपल्याकडे कायद्यात ओटीसी औषधांची वेगळी यादी नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम चिठ्ठीवर द्यायच्या औषधांची शेड्यूल, म्हणजे याद्या, देतात: एच, एच-वन, एक्स. त्यात जे बसत नाही ते काउंटरवरून देता येतं. म्हणजे सगळं वजाबाकीनं ठरतं, आणि ती वजाबाकी स्ट्रिप हातात घेऊन करावी लागते. डाव्या कोपऱ्यात आरएक्स (Rx) हे चिठ्ठीचं चिन्ह आहे का, लाल रेघ आहे का, लाल चौकटीत इशारा आहे का. दुकानात नवा पोरगा लागला की पहिला आठवडा मी त्याला विक्रीला उभंच करत नाही, फक्त लेबलं वाचायला लावते.

पित्ताचंच घ्या. अँटासिडचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी देता येते. पण गिऱ्हाईक बहुतेक वेळा पँटोप्राझोल मागतं, आणि ते शेड्यूल एचमध्ये आहे. "अहो ताई, मागच्या महिन्यात तुम्हीच दिली होती की!" "दिली होती मावशी, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी होती. ती घेऊन या, लगेच देते." मावशी रागावून जातात. काही परत येतात, काही येत नाहीत. धंद्यात हे सोसावं लागतं.

१ मार्च २०१४ पासून एच-वन लागू झालं तेव्हा आमच्या व्यापारात बरीच कुरकुर झाली. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स, चिंतेवरचं अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांसाठी वेगळं रजिस्टर ठेवायचं. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. काम वाढलं हे खरं. पण नशेसाठी कोडीन मागायला संध्याकाळी येणारी पोरं त्या रजिस्टरमुळे बंद झाली, म्हणून मला तो नियम पहिल्या दिवसापासून आवडला.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती मलमांवरून. बाहेरून लावायच्या मलमांना तेव्हा एचमधून सूट होती, त्यामुळे बेटामेथासोन, क्लोबेटासॉल या स्टेरॉइडच्या ट्यूबा साबणासारख्या विकल्या जायच्या. लग्न ठरलेली मुलगी आईबरोबर यायची आणि गोरं होण्यासाठी तीच ट्यूब मागायची. रोज चेहऱ्याला स्टेरॉइड लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, लव वाढते. आणि लावायचं थांबवलं की चेहऱ्याची आग होते. आम्ही नाही म्हणायचो, पण कायद्याचा आधार नव्हता. मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं सूट काढून एचमध्ये घातली गेली. त्या दिवसापासून माझं बोलणं सोपं झालं. डॉक्टरनं लिहून दिलं तरी किती दिवस लावायचं, हे मी पाकिटावर लिहूनच देते.

पाकिटाचंही सांगते. दोन गोळ्या मागणारं गिऱ्हाईक आमच्याकडे फार. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत राहिली पाहिजे, म्हणून कापायचं ते नेहमी दुसऱ्या टोकाकडून. कापलेल्या गोळ्या पाकिटात घालून वर मराठीत औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि एक्स्पायरी लिहायची. पॅरासिटामॉलवर लिव्हरचा इशारा छापलेला असतो, पण तो बारीक इंग्रजीत. तापात चार ठिकाणची औषधं घेणाऱ्या माणसाला तो कोण वाचून दाखवणार? सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, हे आम्ही तोंडी सांगतो.

लहान मुलांच्या सर्दीच्या औषधाला आधी वय विचारायचं, मग बाटलीला हात लावायचा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. "दोन वर्षांचा आहे" म्हटलं की आम्ही सरळ डॉक्टरकडे पाठवतो.

एक्स्पायरी झालेला माल परत जाईपर्यंत वेगळ्या खोक्यात, वर 'विक्रीसाठी नाही' लिहून ठेवावा लागतो. डॉक्टरांना कंपनीकडून फुकट मिळालेलं सॅम्पल विकता येत नाही. हे आमच्याकडे सुरुवातीपासूनच कडक आहे.

मुलगा बी.फार्म. होऊन दुकानात आला आणि बिलिंग कॉम्प्युटरवर गेलं. त्याचा आग्रह एकच होता: दोन गोळ्यांचं बिलसुद्धा बॅच नंबरसकट निघालं पाहिजे. वेळ जातो म्हणून मी आधी कंटाळले होते. मग २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे मुलं दगावली आणि त्या बॅचचा नंबर सगळीकडे कळवला गेला. आमच्या कॉम्प्युटरवर शोध घ्यायला मिनिटही लागलं नाही. तो माल आमच्याकडे आलेलाच नव्हता. तरी त्या आठवड्यात आया घरातल्या अर्धवट बाटल्या घेऊन येत होत्या. प्रत्येक बाटलीचं लेबल आम्ही त्यांच्यासमोर वाचलं, आणि ज्यांचं लेबल पुसलं होतं त्या बाटल्या ठेवून घेतल्या.