हिंगाच्या डबीतला गहू

बर्मिंगहॅममधल्या ज्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये मी स्वयंपाकी आहे, तिथे आयुष्यात पहिल्यांदाच भारतीय जेवण चाखायला येणारे लोक अजूनही भेटतात, आणि त्यांना बहुधा तिखटाची धास्ती असते. इथल्या स्वयंपाकघरांत कांद्याच्या एकाच शिजवून वाटलेल्या रश्श्यापासून कोर्मा, मद्रास आणि विंदालू असे चढत्या तिखटाचे पदार्थ होतात, आणि नवख्या माणसाला सहसा त्यातला सर्वांत सौम्य, क्रीम आणि साखर घातलेला कोर्मा सुचवला जातो. मला ही पद्धत पटत नाही, कारण तो खाऊन गेलेल्या माणसाला फोडणीची चव कळतच नाही.

त्या दुपारी मुलाबरोबर आलेल्या साठीच्या बाईंची अडचण मात्र वेगळी होती. त्यांना सीलिअॅक आजार होता. ही साधी अॅलर्जी नव्हे. गहू, बार्ली, राय या धान्यांतले ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. निदान झाल्यापासून त्या बाहेर क्वचितच जेवत, आणि भारतीय जेवणाच्या वाटेला तर कधीच गेल्या नव्हत्या. ब्रिटनमध्ये ज्या 14 घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये येतात, त्यामुळे वेटरने त्यांचा प्रश्न लगेच आत आणला.

भात, डाळ, बेसन, बटाटा असे आपल्या जेवणातले कितीतरी पदार्थ मुळातच ग्लुटेनविरहित असल्यामुळे हे काम सोपे वाटते, पण धोका लपलेला असतो तो भलत्याच ठिकाणी. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि आमच्या डबीवरही तसेच छापलेले होते. कांदाभजी बेसनाची खरी, पण ती समोशांच्याच तेलात तळली जातात. चिकन टिक्का नानच्याच तंदुरात भाजला जातो, आणि नान लाटताना उडालेला मैदा आजूबाजूच्या भांड्यांवर बसतो. ग्लुटेनविरहित म्हणण्याची कायद्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे पिठाची चिमूटही इथे क्षुल्लक नसते.

आमचे मालक मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. मी म्हणालो, "भाई, थोडा वेळ नान थांबवू या, म्हणजे मला हे जेवण नीट करता येईल." शनिवारची गर्दी असूनही त्यांनी तंदुरावरच्या पोऱ्याला थांबवले. मी ॲप्रन बदलला, दूरच्या शेगडीवर घासलेली कढई चढवली, मसाल्यांच्या प्रत्येक पुड्यावरचे घटक वाचले, आणि उघड्या डब्यांतले काही न घेता नवी पाकिटे फोडली. बाईंसाठी साधा बासमती भात, तुपात जिरे, ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी दिलेली मसूर डाळ, मोहरीवर परतलेला बटाटा, आणि ताज्या चिकनचा मध्यम तिखट रस्सा केला. त्यासाठी वापरलेला कांद्याचा मूळ रस्सा सकाळी माझ्याच हाताने झालेला असल्यामुळे त्यात काय आहे हे मला नेमके ठाऊक होते.

ताटे मी स्वतः नेली, आणि कशात काय आहे ते सांगितले. बाईंनी आधी डाळ घेतली, थांबल्या, आणि दाताखाली आलेला खरपूस दाणा कोणता ते विचारले. ते जिरे होते. रश्श्याचा घास घेतल्यावर त्यांचा हात पाण्याकडे गेला, तेव्हा मी दह्याची वाटी पुढे केली, कारण मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि दूध-दह्यातले केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून ठेवते. त्यानंतर त्यांनी रस्सा सोडला नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटत होते की इथे फक्त तिखटच लागेल. इथे तर प्रत्येक वाटीचा वासच वेगळा आहे." इतक्या आनंदाने जेवणारे माणूस मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

तरीही मी निश्चिंत नव्हतो, कारण या आजाराचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला: आईला काही झाले नव्हते, आणि तिला डाळीची कृती हवी होती. मी ती सविस्तर सांगितली, आणि हिंग घेतलाच तर तांदळाच्या पिठातला घ्यायला बजावले.

भाईंनी पुढच्या मागणीत तोच हिंग आणला, आणि आता आमच्या सगळ्या डाळींना तोच पडतो. तंदूर मात्र अजून एकच आहे, त्यामुळे सीलिअॅक असलेल्या ग्राहकांना तंदुरी पदार्थ आम्ही देत नाही, आणि त्याचे कारण त्यांना स्पष्ट सांगतो.