बाईक लोनवर घेताय? आधी व्याज कसं लावलंय ते विचारा

भाच्याला वाशीला जॉबला जायला बाईक हवी होती म्हणून ठाण्यातल्या एका शोरूमला गेलेलो, तर सेल्समन सगळं ईएमआयवरच बोलत होता, "महिन्याला फक्त 3,611, सर!" कागदावर बारीक अक्षरात 10 टक्के फ्लॅट. हे फ्लॅट प्रकरण नीट समजून घ्या राव, 1 लाखाच्या लोनला 3 वर्षांत पूर्ण 30 हजार व्याज जातं कारण मुद्दल फिटत आलं तरी व्याज मूळ 1 लाखावरच धरतात, आणि तेच 10 टक्के रिड्युसिंगने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर असेल तर साधारण 16 हजार. जवळपास अर्धं! एकूण किती भरायचे ते लिहूनच मागा.

इन्शुरन्समध्ये 5 वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) नवीन बाईकला 2018 पासून कंपल्सरी आहे, त्यात घासाघीस नाही. पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा इन्शुरन्स, शोरूमकडूनच घ्यायला पाहिजे असं अजिबात नाही, ऑनलाइन कोटेशन काढा. झीरो डेप (क्लेममध्ये पार्टची घसारा-कपात होत नाही असं जादा कव्हर) मात्र घ्याच, नाहीतर प्लॅस्टिकच्या पार्टचे क्लेममध्ये निम्मेच पैसे मिळतात आणि घोडबंदरच्या खड्ड्यांत गाडी पडली की पहिलं तेच फुटतं.

आणि हो, लोन फिटलं की बँकेची एनओसी (लोन फिटल्याचं, हरकत नसल्याचं पत्र) आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, लगेच काढून घ्या, गाडी विकताना तिथेच अडतं.