ड्रॉवरमधला माऊस

आमच्या वर्गात माऊस नाही. म्हणजे आहे, पण माझ्या ड्रॉवरमध्ये. दृष्टिहीन मुलांना शिकवताना माझाच हात सारखा तिकडं जायचा, म्हणून काढून ठेवला. मुलं कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपतात आणि तिथून बोटं मांडतात. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळरचनेत तिथंच पहिली वेलांटी आणि 'र' आहेत. पडद्यावरचं सगळं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांच्या हातून ते उभं राहिलं, २००६ साली सुरुवात झाली, आणि आजही ते फुकट मिळतं. मुलं आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवतात की मला त्यातलं अक्षर कळत नाही.

त्या दिवशी एक विद्यार्थिनी वर्ग उघडायच्या आधीच दारात. बार्शीकडची, बी. ए. झालेली. लिपिकाच्या भरतीचा अर्ज, आणि तारीख शेवटची. नेटकॅफेत भरून मिळाला असता, पण तिला स्वतःच भरायचा होता. "मागच्या वेळी त्यानं प्रवर्गच चुकीचा टाकला, मॅडम. मला कळलं ते यादी लागल्यावर."

आधी जाहिरातीची पीडीएफ उघडली. विद्यार्थिनी ऐकत राहिली, गप्प. मग हेडफोन काढून बाणाची कळ एकेकदा दाबत तिनं मला ऐकवलं: ई, जे, के, बी, एच. मी पडद्यावर पाहिलं, तिथं स्वच्छ 'मराठी' लिहिलेलं. कृतिदेव फॉन्ट! त्यात 'मराठी' उमटवायला ह्याच कळा दाबतात; आत इंग्रजी अक्षरंच राहतात, वर फक्त मराठीचं रूप. बघणाऱ्याला मराठी, ऐकणारीला नुसता भुसा. मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारं युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, पण कुणाच्या तरी टेबलावर अजून कृतिदेवच चालू आहे. शेवटी जाहिरात मीच वाचून दाखवली.

अर्ज मात्र तिनं झरझर भरत आणला. टॅब, नाव. टॅब, पत्ता. मग कॅप्चा आला, निव्वळ चित्र, ऐकायची सोय नाही. "तुम्ही फक्त अक्षरं सांगा, टाकते मी." सांगेपर्यंत वेळ संपली, पान बाहेर फेकलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ती बातमी मी याच वर्गात मोठ्यानं वाचली होती. तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या.

जन्मतारखेपाशी ती अडली ती अडलीच. टाइप करू देईना. कॅलेंडर उघडायचं, तेही फक्त माऊसनं. मी ड्रॉवर उघडला, धूळ पुसली, वर्षांची यादी सरकवली, क्लिक केलं. दोन वाजून गेले होते, घाई माझीच चाललेली.

"झालं बघ. दाब सबमिट."

"थांबा, एकदा ऐकते."

खालच्या बाणानं ती ओळीओळीनं उतरत गेली. एका ठिकाणी थांबली, एक ओळ वर गेली, पुन्हा खाली आली.

"मॅडम, २००३ पडलंय. माझं २००२ आहे."

मी वाकून पाहिलं. २००३च होतं. चष्मा डोळ्यांवर असून यादीतली शेजारची ओळ दाबली होती मी.

पुन्हा कॅलेंडर उघडलं. तिनं हेडफोन गळ्यात घेतला आणि खुर्ची माझ्या बाजूला वळवली.

"आता आधी मोठ्यानं वाचा," ती म्हणाली, "मग क्लिक करा."