डाकोटा नव्हे, ली-२: बिननावाच्या फोटोचा माग

जुन्या फोटोंच्या गठ्ठ्यातल्या एका बिननावाच्या, विमानाच्या कृष्णधवल फोटोचं काम अखेर मार्गी लागलं. मागच्या नोंदीत मी विमानाला ‘सी-४७ डाकोटा’ (डीसी-३ या अमेरिकी प्रवासी विमानाची लष्करी मालवाहू आवृत्ती) म्हटलं होतं. ती ओळख आता मागे घेतो: हे ली-२, डीसी-३चाच सोव्हिएत अवतार.

दोन इंजिनं, मागच्या छोट्या चाकावर टेकलेली शेपूट, पंखांची मागे झुकलेली पुढची कड, सगळी ठेवण डाकोटाची. सी-४६ कमांडो हे दुसरं दोन इंजिनांचं अमेरिकी मालवाहू विमान पहिल्याच दिवशी बाद झालं. त्याच्या धडाला फरशीच्या उंचीवर दोन्ही अंगांनी लांब खाच असते, आणि इथे धड सरळ गोल आहे.

अडलं ते दारापाशी. विमान समोरून-उजवीकडून टिपलंय आणि पंखामागे शिडी लावलेलं अरुंद प्रवासी दार दिसतं. सी-४७चं मालाचं रुंद दुहेरी दार मात्र डाव्या बाजूला असतं. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल, ही पहिली शंका. तिच्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेपटीवरचे आकडे अंधुक आहेत. मोठा स्कॅन केल्यावर त्यातला एक ७ सुलटा वाचता आला. शिडीजवळच्या मेकॅनिकच्या जॅकेटचा डावा पदरही उजव्यावर आलाय, पुरुषांच्या कपड्यांत असतो तसा. म्हणजे फोटो सुलटाच.

मग इंजिन. उजव्याचं काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, दुरुस्तीसाठी उतरवलेलं आहे, याहून मोठं नशीब नाही! सी-४७च्या ट्विन वास्प इंजिनाला दोन रांगांत १४ सिलिंडर असतात: पुढे सात, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारे मागचे सात. इथे फटी मोकळ्या आहेत. दोन सिलिंडर प्रोपेलरच्या पात्यांआड जातात, पण बाकीच्यांमधलं अंतर धरून मोजलं की हिशेब नऊचाच लागतो.

इथे घाई करू नका, हे मुद्दाम सांगतो. सुरुवातीच्या काही डीसी-३ना राइट सायक्लोनची नऊ सिलिंडरची इंजिनं होती, आणि दारही उजवीकडे. ली-२चं श्वेत्सोव्ह इंजिन त्याच सायक्लोनच्या वंशातलं. त्यामुळे दार आणि सिलिंडर मिळून सी-४७ बाद होतं, पण ली-२ सिद्ध होत नाही.

निकाल लावला डाव्या इंजिनाने. त्याच्या तोंडावर, प्रोपेलरच्या मागे, पाकळ्यांसारख्या झडपा अर्धवट मिटलेल्या दिसतात. कडाक्याच्या थंडीत इंजिन गार पडू नये म्हणून सोव्हिएत कारखान्यांनी दिलेली ही सोय. डीसी-३च्या परवान्यावर बनलेलं हे विमान आधी पीएस-८४ म्हणून ओळखलं जायचं; १९४२मध्ये बोरिस लिसुनोव्ह यांच्यावरून त्याचं नाव ली-२ पडलं. मला तर या झडपा अख्ख्या विमानापेक्षा सुंदर वाटतात.

आता शेपटीवरचे उरलेले आकडे. वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टचे तीन स्कॅन करून ठेवलेत. ७च्या शेजारचा आकडा ३ की ८, तिथे गाडी थांबली आहे.