चोचवाल्या पतंगांशी झालेली ओळख

परसातल्या दिव्यावर येणारे बारीक तपकिरी पतंग मी कित्येक महिने न बघताच सोडून देत होते. एका रात्री भिंतीवरचा एक पतंग कडेने पाहिला, तर डोक्यापुढे चक्क चोच! हेच स्नाउट मॉथ. ती चोच म्हणजे खालच्या ओठाचे दोन पॅल्प, म्हणजे स्पर्शकासारखे अवयव, खवल्यांनी गच्च भरलेले आणि पुढे ताणलेले. खरी सोंड त्यांच्या आड गुंडाळलेली असते.

मग दिव्यासमोर पांढरी चादर टांगायला लागले. अमावास्येच्या आसपास, वारा पडलेला आणि हवा उबदार असली की चादर भरून जाते; चांदण्यात मोजकेच येतात. पिवळट एलईडीपेक्षा अतिनील ट्यूबवर कितीतरी जास्त. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे वळवतात आणि म्हणून दिव्याभोवती अडकून फिरत राहतात, असं 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ते वाचल्यापासून मी दीड तासाने दिवा बंदच करते.

खात्रीने ओळखलेला पहिला पतंग स्पोलॅडिया रिकर्व्हॅलिस. गडद तपकिरी पंखांवर ठसठशीत पांढरा आडवा पट्टा, एकदा पाहिला की विसरत नाही. त्याच्या अळ्या पालक, बीट, राजगिऱ्याची पानं खातात.

त्या उत्साहात मी चुकले. आणखी लांब चोचीचा एक पतंग आला आणि मी तोही याच गटात टाकला. तो निघाला हायपेना, एरेबिडी या वेगळ्याच कुळातला! म्हणजे नुसत्या चोचीवर जायचं नाही. मग एकेकाला पारदर्शक डबीत घालून काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं. गारव्याने ते शांत बसतात. दहापट भिंगातून पाहिलं तर खऱ्या स्नाउट मॉथच्या सोंडेच्या मुळाशी पीठ भुरभुरावं तसे खवले होते. हायपेनाची सोंड तिथे उघडी. कानाची जागाही निराळी: स्नाउट मॉथचा पोटाच्या मुळाशी खालच्या बाजूला, हायपेनाचा छातीच्या मागच्या भागावर.

स्नाउट मॉथची दोन कुळं, पायरॅलिडी आणि क्रँबिडी. त्यांतलं कोणतं हे मात्र फोटोवरून पुष्कळदा ठरत नाही. पहिल्यात कानाची कुपी बंद असते, दुसऱ्यात उघडी, आणि ती बघायला सूक्ष्मदर्शकच लागतो. त्यासाठी जिवंत पतंग मारायचा नाही, हे मी ठरवलंय. कालच्या एका पतंगापुढे वहीत 'पायरॅलॉइडिया' (या दोन्ही कुळांना सामावणारा मोठा गट) एवढंच लिहिलं, पाठीचा, कडेचा आणि पोटाकडचा असे तीन फोटो काढले आणि दिवा विझवून त्याला झुडपात सोडलं.