नव्या गाडीचा एसी आणि वारंवार भरला जाणारा गॅस

विदर्भात मे महिन्यात गाडीतला एसी ही चैनीची वस्तू उरत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गाडीत वयस्कर माणूस किंवा लहान मूल बसलेले असेल, तर एसी बंद पडणे हा थेट प्रकृतीचा प्रश्न होतो. आमची गाडी घेऊन वर्षही पूर्ण झाले नव्हते, आणि नागपूरहून अमरावतीला जाताना कोंढाळीच्या पुढे तिच्या एसीतून गरम वारा येऊ लागला. ब्लोअर पूर्ण वेगाने फिरत होता, बटणावरचा दिवा लागलेला होता, पण थंडावा मात्र नव्हता. मागे सासूबाई होत्या, आणि त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. काचा उघडल्या तर झळा आत येत आणि मिटल्या तर जीव घाबरा होई, त्यामुळे तळेगावला एका ढाब्याच्या सावलीत आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो, त्यांना मीठ-साखरेचे पाणी दिले, ओला दुपट्टा डोक्याला बांधला आणि संध्याकाळी पुढे निघालो. त्यांना ऊन लागले नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

परत आल्यावर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. संध्याकाळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गाडी ताब्यात देताना सांगितले, “मॅडम, गॅस कमी झाला होता, टॉप-अप करून दिला आहे. आता काही प्रॉब्लेम नाही.” गॅस हा ‘कन्झ्युमेबल’ म्हणजे वापरात संपणारा पदार्थ असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे सांगून त्याचे पैसेही घेतले. गॅस गेला कुठे, असे मी विचारले. “उन्हाळ्यात होतं असं,” एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर नव्या गाडीच्या असंख्य मालकांना दिले जात असणार, आणि ते चुकीचे आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

गाडीचा एसी ही चारही बाजूंनी बंद असलेली यंत्रणा आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये त्या गॅसची उष्णता बाहेर पडून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तोच द्रव उकळून केबिनमधल्या हवेची उष्णता शोषून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, त्यामुळेच हे शक्य होते. या फेऱ्यात गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, इंजिन ऑइलसारखा खराबही होत नाही. तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे, पण त्याचा परिणाम जाणवायला बरीच वर्षे लागतात. वर्षाच्या आत गॅस इतका कमी झाला की हवा गरम येते, याचा अर्थ एकच असतो: कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरून देणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून तो ग्राहकाच्या हाती देण्यासारखे आहे.

त्यातून आणखी नुकसान होते, आणि त्याकडे कोणी लक्ष वेधत नाही. कॉम्प्रेसरला लागणारे तेल या गॅसबरोबरच सबंध यंत्रणेत फिरत असते. गळतीतून गॅस जाताना तेलही थोडे थोडे जाते, आणि प्रत्येक वेळी नुसताच गॅस भरला तर कॉम्प्रेसर हळूहळू तेलाविना चालू लागतो. पुढे तो जाम झाला की खर्च कितीतरी पटींनी वाढतो, आणि तोवर वॉरंटी संपलेली असण्याचीही शक्यता असते. शिवाय गॅस अंदाजाने भरायचा नसतोच. यंत्रणा रिकामी करून, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल काढून, मग वजन करून तो भरायचा असतो. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. आमच्या गाडीवर तो आकडा ४३० ग्रॅम आहे. जॉब कार्डवर मात्र “एसी गॅस टॉप-अप” एवढेच शब्द होते. किती निघाला आणि किती भरला, याचा उल्लेख नव्हता.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगते. आर-१३४एमुळे ओझोनच्या थराला धोका नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो. म्हणजे एका लहान गाडीतला सगळा गॅस हवेत गेला, तर ते ६०० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे आहे. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली करार २०१६मध्ये झाला आणि भारताने २०२१मध्ये त्याला मान्यता दिली. गळक्या गाडीत गॅस भरत राहणे हे ग्राहकाच्या खिशापुरते राहत नाही, ते या कारणासाठीही मला खटकते.

अपेक्षेप्रमाणे थंडावा पुन्हा कमी झाला, आणि या वेळी अडचण वेगळीच आली. गाडी सकाळी नऊ वाजता वर्कशॉपच्या शेडमध्ये तपासली की एसी ठीक चालत असे, आणि “नो प्रॉब्लेम फाउंड” असा शेरा मारून ती परत दिली जात असे. यात गूढ काही नाही. गॅस अर्धवट कमी झालेला असेल, तर सकाळच्या गार हवेत आणि सावलीत तेवढ्या गॅसवरही एसी निभावून नेतो. दुपारी तापलेले छत, तापलेल्या काचा आणि पेटलेला डांबरी रस्ता यांचा भार आला की तो उघडा पडतो. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना त्रास जास्त आणि हायवेवर वेग घेतल्यावर थोडा कमी होत असेल, तर कंडेन्सरचा पंखा हेही कारण असू शकते, तेवढे आधी तपासून घ्यावे. केबिन फिल्टर धुळीने भरला असेल तर वारा कमी येतो, पण जो येतो तो थंड असतो. आमच्याकडे वारा भरपूर होता आणि गरम होता.

म्हणून मी स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा डिजिटल थर्मामीटर घेतला आणि दुपारी अडीच वाजता, गाडी उन्हात उभी करून, इंजिन चालू ठेवून, रीसर्क्युलेशन (केबिनमधलीच हवा फिरवण्याची सोय) लावून, मधल्या व्हेंटमध्ये, म्हणजे वारा येणाऱ्या जाळीत, तो खोचला. नीरोगी एसीत इथे साधारण ८ ते १२ अंश दिसायला हवेत. कडक उन्हात थोडे जास्त धरले तरी १५च्या आत. आमच्या गाडीत आकडा २४ वर थांबला. त्याहून बोलका पुरावा म्हणजे डाव्या टोकाच्या आणि उजव्या टोकाच्या व्हेंटमधल्या तापमानातही स्पष्ट फरक होता. गॅस अपुरा असला की कूलिंग कॉइलचा काही भागच थंड राहतो आणि त्यामुळे हा फरक पडतो. घड्याळ, थर्मामीटर आणि किलोमीटरचा आकडा एकत्र दिसतील असा व्हिडिओ काढला आणि तो ईमेलने सर्व्हिस सेंटरला पाठवला. तोंडी तक्रार हवेत विरते, लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

उत्तर आले, पण ते नवेच होते. कंडेन्सरला दगड लागला आहे, ते ‘एक्स्टर्नल डॅमेज’ आहे, वॉरंटीत येत नाही, इन्शुरन्समध्ये क्लेम करून घ्या. दगड लागून कंडेन्सर फुटतो हे खरे आहे; त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या पातळ असतात आणि तो बंपरच्या जाळीमागे अगदी पुढे बसवलेला असतो. पण फुटलेली जागा दाखवा, असे मी म्हटल्यावर ती कोणालाच दाखवता आली नाही. इन्शुरन्सचा सल्लाही वाटतो तितका बिनखर्चाचा नसतो. सक्तीची वजावट आपल्यालाच भरावी लागते, आणि पहिल्या वर्षी क्लेम न करणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात मिळणारी २० टक्क्यांची नो क्लेम बोनस सवलत हातची जाते. उत्पादनातला दोष ग्राहकाच्या विम्यावर ढकलण्याची ही सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. “सरांना घेऊन या, त्यांना समजावतो,” असेही मला तिथे ऐकवण्यात आले. गाडी माझ्या नावावर आहे आणि ती मीच चालवते, हे मी त्यांना शांतपणे सांगितले.

त्यानंतर मी आमच्या ओळखीच्या एका जुन्या कार-एसी मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी यंत्रणेला हात लावायला सुरुवातीलाच नकार दिला. “ताई, वॉरंटीतली गाडी आहे. मी पान्हा लावला तर उद्या माझ्या नावावर ढकलतील. मी नुसतं बघतो.” त्यांनी बॉनेट उघडले, टॉर्च तोंडात धरला आणि खिशातला पांढरा टिश्यू पेपर बोटाला गुंडाळून पाइपांच्या एकेका जोडावरून फिरवला. बहुतेक ठिकाणी कागदावर कोरडी, करडी धूळ आली. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरला जाणाऱ्या पाइपच्या जोडाखाली मात्र कागद तेलकट, काळपट निघाला, आणि त्या जोडाभोवती चिकट धुळीचे एक कडेच तयार झालेले दिसले. “इथून गॅस जातोय, आणि तेल सोबत जातंय. दगडबिगड काही नाही. आतली ओ-रिंग बसवताना दबली असेल.” ओ-रिंग म्हणजे जोड घट्ट बंद ठेवणारी रबरी कडी. त्यांनी एक पैसाही घेतला नाही. वर बजावले, की कोणी लीक बंद करणारे रसायन आत टाकायचे म्हटले तर टाकू द्यायचे नाही, त्याने व्हॉल्व्ह तुंबतो.

त्या जोडाचा जवळून फोटो काढून मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र लिहिले, आणि सगळी जॉब कार्डे जोडली. मागणी एवढीच केली की यूव्ही डाय (खास टॉर्चच्या प्रकाशात चमकणारा रंग) टाकून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळतीची जागा माझ्यासमोर निश्चित करावी आणि ती जॉब कार्डवर लिहावी. ३५ अंश तापमानाला, गाडी बंद असतानाही, पुरेसा गॅस भरलेल्या यंत्रणेतला दाब वातावरणाच्या सुमारे नऊपट असतो. गळती खरी असेल तर अशा चाचणीत ती लपून राहू शकत नाही. पत्रात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चाही उल्लेख केला. या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नसते. गाडीची किंमत त्याहून अधिक असल्यास ठरलेले माफक शुल्क भरावे लागते. दोषाची खात्री तपासणीशिवाय करता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधीची पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही मी पत्रात दिला.

यानंतर कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिस सेंटरला आला. डाय टाकून गाडी चालवून आणल्यावर त्याने निळ्या टॉर्चचा प्रकाश टाकला, आणि काकांनी दाखवलेला तोच जोड पोपटी-पिवळा चमकला. पाइप उघडल्यावर आतली ओ-रिंग एका बाजूला चिरलेली निघाली. ओ-रिंग, पाइप आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) वॉरंटीत बदलून मिळाले, गेलेल्या तेलाची भरपाई केली गेली, आणि वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी लागणारा गॅसही वॉरंटीतच असतो, हे कंपनीच्याच पुस्तिकेतले कलम दाखवल्यावर त्याचे पैसे लावले गेले नाहीत. या वेळच्या जॉब कार्डवर गळतीची जागा, बदललेल्या भागांचे क्रमांक आणि “४३० ग्रॅम” हे तिन्ही माझ्या आग्रहाने लिहिले गेले. गाडी मी दुपारी, उन्हातच, थर्मामीटर लावून ताब्यात घेतली. मधल्या व्हेंटमध्ये ११ अंश होते.

पहिल्या टॉप-अपचे पैसे लेखी मागणीनंतर परत मिळाले. गाडी वर्कशॉपमध्ये पडून असताना सासूबाईंना डॉक्टरांकडे नेण्यासाठी केलेल्या टॅक्सीचा खर्च मात्र सर्व्हिस सेंटरने नाकारला आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येते, त्यामुळे त्या पावत्या मी जॉब कार्डांच्याच फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत, आणि सर्व्हिस सेंटरला त्याबद्दलचे दुसरे पत्र या आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवते आहे.